एरंडेलाचा हात

आमच्या घरी कागद दोन जागी राहायचा. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पत्रकं भिंतीतल्या खिळ्याला लटकवलेल्या तारेत ओवलेली असायची आणि थोरल्या भावाची, वसंताची, कॉमिकं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत. तारेतल्या कागदाला घरात मान होता. आबा दौंडच्या लोकोशेडमध्ये इंजिनं पुसणारे खलाशी होते. कामावरून आले की अंगावरची कोळशाची काजळी घासून काढायचे, कपडे बदलायचे आणि मगच पत्रकाला हात लावायचे. सभा कुठंही असो, आबा तिथून पत्रक आणल्याशिवाय परतत नसत. शाळेत माझं नाव घालायच्या आधी मी या तारेवर वाचायला शिकलो. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मी लावलेलं पहिलं वाक्य, आणि उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी ओळखू यायला लागलं. सात-आठ वर्षांचा असताना मी शेजारच्या काकूंना दारात उभं राहून 'भगिनींनो, जाग्या व्हा!' असं सांगितल्याचं आई सांगायची. काकूंचा नवरा रात्रपाळी करून आलेला, त्या चुलीवर चहा ठेवत होत्या. म्हणाल्या, "मेल्या, जागीच हाय मी. झोपाय कुनाला मिळतंय हितं?"

आईचं काम यार्डात उभ्या राहणाऱ्या गाड्या झाडायचं. दौंड जंक्शन असल्यानं गाड्या थांबायच्या, इंजिनं तोंड फिरवायची, डबे सुटायचे आणि जोडले जायचे. घरात बसून आईला नुसत्या धडधडीवरून कळायचं, ही मनमाडकडची आणि ही सोलापूरकडची. शंटिंगचा दणका बसला की फळीवरची भांडी किणकिणायची, आणि त्यांच्यावर बारीक काजळी उतरायची. भाकरी थापताना ती परातीवर पदर धरायची. तिच्या या कामावरून आबांचं आणि तिचं रोज वाजायचं. झाडू सोडा, असं तारेवरच्या निम्म्या पत्रकांत छापलेलं होतं आणि आबांना ते पटलेलं होतं. आई म्हणायची, "सोडते की. मग चूल पन तारंवरच पेटवा." आबा गप्प बसायचे, कारण एका पगारात चार तोंडं भागत नव्हती. मला मात्र ते गप्प बसणं सहन होत नसे. मला आईच्या कामाची लाज वाटायची, आणि ही लाज म्हणजेच तत्त्व आहे अशी मी माझी समजूत करून घेतली होती. हा फरक कळायला मला पुढं फार वर्षं लागली.

पहिल्या वर्गाच्या डब्यात लोक काय काय विसरून जात. एका पायातली लहान मुलाची चप्पल, अर्धा कंगवा, पुठ्ठ्याचा पंखा. मोलाची वस्तू सापडली तर ती मुकादमाकडे द्यावी लागे. चित्रांची पुस्तकं मात्र कुणी मागायला येत नसे. साहेबलोकांची पोरं ती वाचून बाकाखाली टाकून द्यायची, कधी त्यावर केळ्याची साल ठेवून. आई साल टाकायची, पुस्तक पदरानं पुसायची आणि पोलक्यात घालून घरी आणायची. तिला वाचता येत नव्हतं. पण चित्रातला घोडा तिला घोडाच दिसायचा, आणि वसंताला चित्रांचं वेड होतं.

ती पुस्तकं बहुतेक इंग्रजी. वसंता सातवीतून शाळा सोडून मालधक्क्यावर लागला होता, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. म्हणून त्यानं एक उद्योग सुरू केला. माणसांच्या तोंडातून निघणाऱ्या त्या पांढऱ्या फुग्यांच्या मापाच्या चिठ्ठ्या तो वहीच्या कोऱ्या पानांतून कापायचा, ज्वारीच्या पिठाची खळ करून त्या इंग्रजीवर चिकटवायचा आणि त्यावर शिसपेन्सिलीनं आमची भाषा लिहायचा. तोंडाला फडकं बांधलेला घोडेस्वार एका सोनेरी केसांच्या बाईच्या दारात उभा आहे, वसंताच्या पुस्तकात तो म्हणतो, "बाय, भाकरी हाय का उरल्याली?" आणि बाई बंदूक रोखून म्हणते, "आधी हातपाय धू, मग बस." हे आमच्या आईचं रोजचं वाक्य. मोठ्या टोपीचा पोलीस म्हणजे आईचा मुकादम, तो प्रत्येक पानावर "कुनी सांगितलं बसायला?" एवढंच ओरडतो. आकाशातून यान घेऊन उतरलेला माणूस विचारतो, "हे दौंड का? मनमाडची गाडी गेली का?" आई हे ऐकून इतकी हसायची की तिला ठसका लागायचा. अशी चौदा पुस्तकं त्यानं केली. लिहिताना तो ओठ हलवायचा. त्याचं अक्षर वाईट होतं आणि त्याला ते माहीत होतं.

एका उन्हाळ्यात कावीळ झाली आणि बारा दिवसांत वसंता गेला. एकोणीस वर्षांचा होता. त्याचा एकही फोटो नाही. त्याचे कपडे मी वापरून फाडले. राहिली ती चौदा पुस्तकं. दर रविवारी दुपारी, कामावरून येऊन, हातपाय धुऊन, आई पेटी उघडायची आणि माझ्यासमोर एक पुस्तक ठेवायची. "वाच." मी वाचायचो. पहिल्या वर्षी मला वाचताना रडू यायचं. दुसऱ्या वर्षी येईनासं झालं. तिसऱ्या वर्षी मी घाईनं वाचायला लागलो, फुगे गाळायला लागलो, आणि आई बोट ठेवून म्हणायची, "हितं कायतरी हाय की, हे न्हाई वाचलंस." तिला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण कुठल्या चित्रात कोण किती बोलतो ते ठाऊक होतं. तेव्हा मला त्यात फक्त तिचा हट्ट दिसला.

तोवर मी स्वतः पत्रकं लिहायला लागलो होतो. रेल्वेच्या एका युनियनच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, तिथं स्टेन्सिल कापून दिलं की शंभर प्रती निघायच्या. हाताला शाई लागली की दोन दिवस जायची नाही आणि मी ती घालवायचोही नाही. घरातही मी छापील भाषा बोलायला लागलो होतो. "आये, मला भाकरी दे" ऐवजी "आई, मला भाकरी देशील का?" आबा म्हणायचे, "हे पाव्हनं कुठलं म्हनायचं?" माझ्या एका पत्रकाचा मथळा होता, 'आपण उष्टं खाणं सोडलं, उष्टं वाचणं कधी सोडणार?' त्यात मी लिहिलं होतं की या चित्रांच्या पुस्तकांत गोरा तो शूर आणि काळा तो राक्षस असतो, आणि ती आपल्या घरात कचऱ्याच्या वाटेनं येतात. हे खोटं नव्हतं. आजही मी त्यातलं एक अक्षर मागं घेणार नाही. फक्त ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं आमचीच पेटी होती आणि तिच्यातल्या राक्षसानं वसंताच्या हातानं "मला बी च्या टाका जरा" असं म्हटलं होतं, हे मी त्यात लिहिलं नाही.

पावसाळा संपता संपता पेटीत कसर लागली. चांदीच्या रंगाची ती सुळसुळीत कीड आधी खळ खाते. म्हणजे नेमक्या वसंताच्या चिठ्ठ्या. तीन पुस्तकांच्या चिठ्ठ्यांची चाळण झाली होती. जे उरलं होतं त्याचाही कागद पिवळा पडून कडेनं बिस्किटासारखा तुटत होता, टाचण्या गंजून पानं सुटत होती. आईनं ती तीन पुस्तकं ओटीत घेतली. मग म्हणाली, "गेनू दप्तरखान्यात हाय. त्याला म्हाईत आसंल. तू जाऊन शिकून ये."

गेनूमामा तिचा धाकटा भाऊ, शिरूरला एका सरकारी कचेरीत जुन्या कागदांच्या खोलीत शिपाई होता. शिरूरच्या चळवळीतल्या पोरांकडे माझी पत्रकं पोचवायची होती, म्हणून मी निघालो. न्हावऱ्यावरून जाणारी एस.टी., मांडीवर पत्रकांचा गठ्ठा, आणि पिशवीत आईनं दिलेलं कसर लागलेलं एक पुस्तक. मामानं ते पुस्तक हातात घेतलं तसं कुणी माझ्या पत्रकांना आजवर हात लावलेला नाही. दोन दिवस त्यानं मला शिकवलं. मऊ कुंचल्यानं पान झाडायचं, आतून बाहेर. गंजलेली टाचणी सोडवून दोऱ्यानं शिवायचं. पानात खायचा चुना पाण्यात कालवून ठेवायचा, तळाशी बसला की वरची निवळ काढायची आणि कापसाच्या बोळ्यानं पानाला मागून टिपायची, म्हणजे कागदातलं आंबटपण मरतं. सावलीत वाळवायचं, वजनाखाली. मग वेखंडाची पुडी घालून खारव्याच्या कापडात बांधायचं. "ह्या चिठ्ठ्या खळीच्या हायत, ह्येला बुडवू नको, निघून येतील," मामा म्हणाला. "आन् खळ परत लावायची येळ आली तर मोरचूद घालून शिजव, कीड न्हाई लागत. पन चिमूटच. जादा घातलास तर मोरचूदच कागद खातंय." मग त्यानं कपाटातून एक जुना फेरफाराचा कागद काढला. कुणीतरी त्याच्यावर भजी ठेवून खाल्ली होती. डागाच्या जागी मागचं लिखाण पुढं दिसत होतं, आणि दोन्ही वाचता येत नव्हतं. "ह्ये बघ. पानी वाळतंय, धूळ झाडता येती. तेल लागलं की संपलं. ताईला सांग एवढं."

त्यानं पिशवीत वेखंडाच्या चार मुळ्या आणि चुन्याची डबी घातली. मामीनं हुलग्याचं माडगं आणि भाकरी वाढली. दोन दिवसांत मी मामाला माझं उष्ट्याचं पत्रक वाचून दाखवलं. तो ऐकून म्हणाला, "चांगलं हाय. कागद लई हलका वापरलाय." मला तो माणूस क्षुद्र वाटला.

घरी आलो तर आई दारातच. "काय म्हनला गेनू?"

"सगळं सांगितलंय. रविवारी बसू."

त्या रविवारी मिटिंग होती. पुढच्या रविवारी कुरकुंभला सभा होती. वेखंड आणि चुना कोनाड्यात पडून राहिले. आई दर दोन दिवसांनी पेटी उघडून बघायची आणि बोटानं कीड चिरडायची. एकदा म्हणाली, "नुसतं सांग तर, मी करते. मला हात हायत." मी म्हणालो, "तुला जमायचं नाही ते, शास्त्रशुद्ध काम आहे." दोन महिने गेले. मग एक दुपार आली. मी स्टेन्सिल कापत होतो, स्टेन्सिल कापताना हात हलला की अख्खी ओळ जाते. आई मागं उभी राहून म्हणाली, "आजून एकाला लागली कीड. डाळीला लावते तसा एरंड्याचा हात लावू का? डाळीला न्हाई लागत कीड."

मी मान वर केली नाही. म्हणालो, "लाव, लाव. काय लावायचं ते लाव."

ते शब्द मी उच्चारले. ती काय विचारत होती ते मला ऐकू आलं होतं. मामाचा तो भज्यांच्या डागाचा कागदही मला त्या क्षणी आठवला होता. ओळ अर्धी राहिली होती, ती पुरी करून सांगू, असं वाटलं. ती पुरी केली, पुढची सुरू केली, आणि मग हाक आली म्हणून निघून गेलो. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

न्हावऱ्याहून तिच्या माहेरची तूरडाळ यायची. वर्षाची डाळ ती कशी ठेवायची ते आम्ही लहानपणापासून पाहत होतो. तळहातावर एरंडेल घ्यायचं, दोन्ही हात चोळायचे, आणि डाळीतून हात फिरवत राहायचं, दाण्यादाण्याला लागेपर्यंत. मग अंगणात ऊन दाखवायचं. तसंच तिनं केलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली, अंगणात धुतलेलं लुगडं अंथरलं, आणि प्रत्येक पानाला, पुढून आणि मागून, हात लावला. चौदा पुस्तकं. सकाळपासून दुपारपर्यंत. कुणाला हात लावू दिला नाही. मी घरी आलो तेव्हा सगळं लुगडंभर ती पानं उन्हात चकाकत होती आणि त्यांच्यावर शेडमधून उडालेली काजळी बसत होती, आणि चिकटत होती. आईच्या चेहऱ्यावर मोठं काम पार पाडल्याचा थकवा होता. "आता न्हाई लागायची," ती म्हणाली. "बस. वाच एक."

मी पान उचललं. तेलानं चिठ्ठ्या काचेसारख्या झाल्या होत्या. खालचं इंग्रजी वर आलं होतं, काळं, ठसठशीत. त्याच्यावर वसंताची पेन्सिल, जिथं आईचा तळहात फिरला होता तिथं फराटा. घोडेस्वाराच्या तोंडी दोन्ही भाषा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. चौदातली अकरा पुस्तकं आज माझ्याकडे आहेत. मागच्या वर्षी माझी नात, तिची शाळा इंग्रजी, एक पान उजेडाला धरून घडाघडा वाचत सुटली. वसंतानं जे झाकलं होतं तेवढंच तिला वाचता आलं. मी तिच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, जरा जोरातच.

त्या दिवशी अंगणात मी आईला म्हणालो, "हे काय केलंस? अडाणी बाई! मारून टाकलंस त्याला दुसऱ्यांदा."

ती म्हणाली, "मी इचारलं हुतं."

"काय विचारलं होतंस? मला नाही विचारलंस."

ती खाली बसून पानं गोळा करायला लागली. ती एकमेकांना चिकटत होती, ती फुंकर घालून सोडवत होती.

इथं मी थांबलो असतो तर ही गोष्ट घरातच राहिली असती. पण मला राग होता, आणि रागाचं मला एकच करता येत होतं. टीका स्वतःच्या घरापासून सुरू करावी, असं मी तेव्हा मोठ्या अभिमानानं मानायचो. रात्रीत नव्हे, पुरे तीन दिवस बसून, खोडून, पुन्हा लिहून मी एक पत्रक तयार केलं. 'माझी आई आणि एरंडेल'. त्यात होतं, "माझ्या घरात एक स्त्री आहे, ती माझी आई आहे. डाळीला लावायचं तेल ती कागदाला लावते! कागद म्हणजे डाळ नव्हे, भगिनींनो! ज्या समाजाला कागद कळत नाही त्याला कायदा कधी कळणार?" मला ते वाक्य फार आवडलं होतं. शास्त्र शिकायला मी शिरूरला गेलो होतो तेही त्यात होतं. कधी गेलो होतो ते नव्हतं. वसंताचं नावही नव्हतं. शंभर प्रती काढल्या.

आमच्या वस्तीच्या विहारात पौर्णिमेला वंदना झाली की नवं पत्रक मोठ्यानं वाचायचा रिवाज होता, कारण निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं नाही, असाही रिवाज होता; शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीला उभं करायचं, म्हणजे तिची भीड मोडते. त्या दिवशी शेजारच्या काकूंची शालन उभी राहिली. सहावीतली पोर, खणखणीत आवाज. पहिली ओळ वाचली आणि तिनं आईकडे बघितलं. आई बायकांत, भिंतीला टेकून बसली होती. शालन थांबली. मी मागून म्हणालो, "वाच, वाच. घाबरायचं नाही."

शालननं वाचलं. उद्गारचिन्हाला आवाज चढवायचा असं तिला मीच शिकवलं होतं. डाळीच्या वाक्याला लोक हसले. आधी पुरुष, मग बायका. शालनची आई, आमच्या काकू, आईच्या मांडीवर चापट मारून म्हणाल्या, "काय गं सखू, आता कागदाला फोडनी बी दे की!" एक म्हातारी म्हणाली, "मीठ-मसाला राहिला म्हनून सांग." त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, रोज एकमेकींना त्या याहून वाईट बोलायच्या. आईही हसली. पदराचा बोळा तोंडाशी धरून हसली. मला वाटलं, पोचलं. पत्रक पोचलं.

मग हसणं ओसरल्यावर ती काकूंना म्हणाली, कुणाला सांगायचं म्हणून नव्हे, सहज बोलावं तसं, "मी इचारलं हुतं त्याला."

आबा पुरुषांत पुढं बसले होते. त्यांनी वळून बघितलं. मग माझ्याकडे. "इचारलं हुतं का तिनं तुला?"

विहारात चाळीसेक माणसं. मी उभा होतो, हातात उरलेल्या प्रती. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

"आठवत न्हाई, का इचारलं न्हाई?"

"आठवत नाही."

आबांनी आयुष्यभर छापील कागदावर विश्वास ठेवला होता. त्यांनी शालनच्या हातातलं पत्रक घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, घडी केली आणि खिशात न घालता जमिनीवर ठेवलं. आई उठून चपला शोधायला लागली. तिच्या मागून काकू उठल्या. शालन मात्र अजून उभीच होती, पुढं काय करायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी माझ्यासमोर एक कोरी वही टाकली. "तीन वरसं वाचून दाखवलंस. पाठ आसंल. सगळं उतरून दे तिला."

मी बसलो. आणि कळलं की मला काही पाठ नाही. चार-सहा फुगे सोडले तर काही नाही. दीडशे रविवार मी ते वाचलं होतं आणि माझ्यात काहीच राहिलं नव्हतं. मी तेव्हा आतल्या आत माझीच वाक्यं जुळवत असायचो. आई चुलीपाशी बसली होती. तिनं माझी पेन्सिल थांबलेली पाहिली आणि भाकरी उलथत, माझ्याकडे न बघता, सांगायला लागली. पहिलं चित्र, मग दुसरं. कोण, कुणाला, काय. चौदाच्या चौदा पुस्तकं तिच्या डोक्यात होती, ओळीनं, जिथं वसंतानं 'च्या' लिहिलं होतं तिथं च्या, आणि 'चहा' होतं तिथं चहा. मी थक्क होऊन लिहीत गेलो. एक पुस्तक झालं. दुसरं झालं. रोज भाकऱ्या करताना ती सांगायची. बोलताना तिचा आवाज वसंतासारखा व्हायचा, थोडा नाकातून. घरात पुन्हा ती तिचं हसणंही हसायला लागली होती. तिनं मला माफ केलं असं मी धरून चाललो.

तिसरं पुस्तक फडकं बांधलेल्या घोडेस्वाराचं. ते लिहून झाल्यावर ती म्हणाली, "आता सारं वाचून दाखव."

मी वाचलं. पहिलं पान, दुसरं. मग दारातलं चित्र आलं आणि मी वाचलं, "बाई, भाकरी भीक म्हणून नको, हक्क म्हणून दे."

भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"काय वाचलंस?"

मी पुन्हा वाचलं.

"ह्ये वसंता बोलला न्हाई."

"आई, अर्थ तोच आहे. फक्त जरा नीट केलंय. कुणी परका वाचेल तर त्याला वाटेल आपण भिकारी आहोत."

"तो भिकारी नव्हता. भुक्याला हुता. कामावनं यायचा आन् इचारायचा." तिनं भाकरी उतरवली, ती करपली होती. "आजून कुठं केलंस नीट?"

प्रत्येक पुस्तकात पाच-सहा ठिकाणी केलं होतं. राक्षसाचा चहा काढून टाकला होता. मुकादमाच्या तोंडी 'जुलमी' शब्द घातला होता. तिला वाचता येत नाही म्हणून केलं होतं, आणि वाचताना आयत्या वेळी मूळचं आठवून म्हणू, असा माझा हिशेब होता. तो या एका ठिकाणी चुकला.

"अर्थ तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली. तिनं वही घेतली आणि चुलीत घातली नाही, फाडली नाही, परत माझ्या मांडीवर ठेवली. "ही तुझी हाय."

त्यानंतर तिनं मला एक अक्षर सांगितलं नाही. आबांनी सांगून पाहिलं, मामा शिरूरहून येऊन सांगून गेला. त्या पुस्तकांना निवळ टिपून, वेखंड घालून खारव्यात बांधलं ते मामानं, माझ्यासमोर, मला हात लावू न देता. तोवर तीन गेलीच होती. कागदाला अजून काही झालेलं नाही, मामाचं काम पक्कं आहे. आई रविवारी गाठोडं सोडायची, ती तेलकट पानं एकेक उलटायची आणि तिचे ओठ हलायचे. मी उंबऱ्यात आलो की ओठ थांबायचे. मी गेलो की पुन्हा सुरू व्हायचे. असं तिनं पुढं पंचवीस वर्षं केलं. या काळात माझी पुस्तकं आली, सभांत लोक मला हार घालायचे, आणि माझ्या भाषणांत आई हटकून असायची, कष्टाळू, अशिक्षित, थोर. ती एकाही सभेला आली नाही.

शेवटी ती दौंडच्या दवाखान्यात होती. दम लागायचा, पण डोकं लख्ख होतं. मी खिशात वही घेऊन गेलो होतो. काकूंची शालन, आता तिचेही केस पिकायला लागलेले, पलीकडे बसून तिचे पाय चेपत होती. मी म्हणालो, "आये," कितीतरी वर्षांनी मी तसं म्हणालो, "वसंताचं सांग की. मी लिहून घेतो. जसंच्या तसं. एक शब्द बदलणार न्हाई."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे, मग वहीकडे बघितलं.

"कशाला?" ती म्हणाली. "पत्रक काढायचंय?"

आणि तिनं तोंड शालनकडे फिरवलं.